पिवळेपणाची किंमत

जुना कागद पिवळा असतो, पण पिवळा कागद जुना असतोच असं नाही. चहाच्या पाण्यात बुडवला की एका दुपारीत तो तयार होतो. धुळेकरांना हे वेगळं सांगायला नको. वि. का. राजवाड्यांनी वाळवीच्या तोंडातून दप्तरं सोडवली, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले आणि 1926 मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपलेल्या कागदांचं मोल रंगात नाही, मजकुरात आहे.

हे आठवायला निमित्त झालं एका ड्रमसेटचं. धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा, साठच्या दशकातला प्रीमिअर कंपनीचा विलायती सेट विकायला निघालाय. मूळचं मोतिया पांढरं आवरण आता साजूक तुपाच्या रंगावर गेलंय, आणि मालक भाव सांगतो तो त्या रंगाचाच. 1985 साली रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, काढला. पुढे तो ऑर्केस्ट्रात रुळला आणि अर्धा टेम्पो अडवणारे असे सेट गोदामात गेले. तेव्हा यांना कुणी विचारत नव्हतं. आज तोच जुनाटपणा मिरवायची चीज झालाय.

खरं तर आपली रीत उलटी. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं घासूनपुसून पूजेला मांडायची. कळकट वस्तू म्हणजे घरधन्याची हेळसांड. वापराच्या खुणांना पैसे मोजायची हौस बाहेरून आली. फेंडरने तर 1995 मध्ये मुद्दाम झिजवलेल्या कोऱ्या गिटारी बाजारात आणल्या. नव्या ड्रमांनाही आता पिवळसर, जुनाट छटेची आवरणं मिळतात. मला यात खटकतो तो फुकटचा मान. भर मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना लग्नात वाजवणाऱ्याने घाम गाळायचा आणि त्या घामाचा डाग आपण दुकानातून विकत आणायचा.

या सेटचं वय मात्र खरं आहे. एका ड्रमचा लग, म्हणजे कातडं ताणणारा स्क्रू ज्यात बसतो तो धातूचा तुकडा, मालकाने उघडून दाखवला. त्याच्याखाली आवरण अजून पांढरं होतं, अगदी त्याच्याच आकाराचं. ऊन आणि धूर पोचला तिथेच रंग बदललेला. खरं वय असं जागा बघून चढतं. कारखान्यातलं वय सगळीकडे सारखं.

पण खरं असणं आणि कामाचं असणं या दोन गोष्टी आहेत. ड्रमची कड सपाट फरशीवर टेकवून आत बॅटरी लावावी. कडेखालून उजेड फुटला तर सूर नीट लागणार नाही. खान्देशातला कोरडा उन्हाळा आणि मागून येणारा दमट पावसाळा यांत लाकडाचे थर सुटतात, तेही बोटाने चाचपून पाहावं. शिवाय साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या प्रीमिअर ड्रमांची मापं आजच्यापेक्षा किंचित वेगळी असत. त्यांना बाजारातलं कोणतंही हेड, म्हणजे वरचं कातडं, बसत नाही, खास मागवावं लागतं. उलट, कुणीतरी नंतर पाडलेल्या जादा भोकांनी संग्राहकाच्या लेखी भाव पडतो. वाजवणाऱ्याला मात्र ती अडत नाहीत. तीच त्याची सौदा करायची जागा.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा: कडा सरळ असतील, थर शाबूत असतील, तर चांगल्या वाजणाऱ्या सेटचा भाव द्यायचा आणि त्यातून खास हेडांचा खर्च वजा करायचा. रंग घासायचा नाही आणि त्याचे पैसेही द्यायचे नाहीत. मालक रंगावरच अडून बसला, तर सेट खुशाल एखाद्या दिवाणखान्यात जाऊ दे. शोभेच्या वस्तूवर खर्च करायला माझ्याकडे पैसे नाहीत, आणि असते तरी वाजवायची वस्तू मी शोभेला ठेवली नसती.