टायर बदलणारा माणूस

चि. बाळूस,


तुझा निरोप परवा मिळाला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ पुन्हा लावलास आणि हिरमुसलास. रंग फासलेला पहिलवान दिसला म्हणून अर्ध्यात बंद केलास, लेकीला दाखवायचा बेतही रद्द केलास. वाचून मला चुटपुट लागली. तुझ्या लहानपणी त्याची कॅसेट दिवाळीच्या सुट्टीत मीच भाड्याने आणली होती. म्हणून काल रात्री मीही तो चित्रपट पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता चार गोष्टी सांगते, त्या ऐक.

पहिली ही, की तो सलग पाहा. लहानपणी तू हिरवा माणूस येईपर्यंत फीत पुढे पळवायचास. तुला आठवतो तो फक्त हल्क, आणि तेवढ्यालाच तू इतकी वर्षं चित्रपट समजत आलास. त्याच्या आधीचा भाग तू कधी नीट पाहिलाच नाहीस. मीही नव्हता पाहिला, मी स्वयंपाकघरात असायचे.

सुरुवातीला डॉ. डेव्हिड बॅनरची गाडी उलटते. तो बाहेर, बायको आत. तो जिवाच्या आकांताने धडपडतो, पण तिला बाहेर काढू शकत नाही. पुढे संशोधक म्हणून तो अशा लोकांना भेटत राहतो, ज्यांच्या अंगात संकटाच्या क्षणी अचाट बळ आलं. एका आईने तर मुलासाठी गाडी उचललेली असते. बॅनरचा प्रश्न एकच आहे : तिला जमलं, मग मला का नाही? त्या प्रश्नापायी तो स्वतःवर गॅमा किरणांचा मारा करून घेतो आणि तो मारा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघतो.

बाळू, तुझे काका गेले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते. आणखी थोडं आधी आणलं असतं तर? दुसरीकडे नेलं असतं तर? काल बॅनरचा चेहरा पाहताना मला वाटलं, या माणसाला मी ओळखते. बॅनर झालेल्या बिल बिक्स्बीने हे काम कुठेही आवाज न चढवता केलंय. तेवढ्यासाठी तरी पहिला भाग पळवू नकोस.

दुसरी गोष्ट. जुन्या कामाला आजची फूटपट्टी लावण्याआधी ते कसं झालं ते समजून घे. हा चित्रपट ४ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला. संगणकावर राक्षस घडवायची सोय तेव्हा नव्हती. माणूसच रंगवायचा, डोक्यावर टोप चढवायचा, डोळ्यांत भिंगं घालायची. आधी हल्कसाठी रिचर्ड कील या उंच नटाला घेतलं होतं. पण त्याची अंगयष्टी पुरेशी पिळदार वाटेना, म्हणून शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नोला आणलं. एका ओझरत्या दृश्यात अजून कीलच दिसतो, लेकीला तो शोधायला लाव. फेरिग्नोला लहानपणापासून फार कमी ऐकू यायचं. या भूमिकेत त्याला बोलायला एक वाक्यही नाही. तळ्यात पडलेल्या मुलीसाठी तो झाड आडवं पाडतो आणि तिचा बाप घाबरून त्याच्यावर गोळी झाडतो, तेव्हा त्या रंगवलेल्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघ. रंग लपत नाही, पण खाली माणूस आहे हेही लपत नाही.

केनेथ जॉन्सनने हे लिहिलं आणि दिग्दर्शित केलं. त्याला हल्कच्या कॉमिकमधल्या मारामाऱ्यांत रस नव्हता. त्या सुमारास तो व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ वाचत होता. पळत राहणारा माणूस आणि त्याचा पिच्छा न सोडणारा दुसरा, ही जोडी त्याने तिथून घेतली. ह्यूगोचा पोलीस अधिकारी इथे जॅक मॅकगी नावाचा बातमीदार झाला. आपल्या हातात काय नाही हे ओळखून, जे आहे त्यावर सगळा भार टाकायचा, हे जॉन्सनकडून शिकण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट, लाड करू नकोस. टोप टोपासारखा दिसतो, काही ठिकाणी कथा रेंगाळते. लेक हसली तर हसू दे. “आमच्या वेळी हेच भारी होतं,” असं म्हणून तिच्यावर आपलं बालपण लादू नकोस. आपल्या आठवणीची राखण करायला मुलं जन्माला आलेली नसतात. तिच्या शेजारी बस, मोबाइल आत ठेव आणि गप्प राहा.

फक्त पावसातल्या त्या प्रसंगाला तिच्याकडे लक्ष ठेव. रात्र, मुसळधार पाऊस, गाडीचा टायर बसलेला. बॅनर एकटाच तो बदलायला बघतो, पाना निसटतो, हाताला लागतं, आणि इतके महिने आवरून धरलेलं सगळं बाहेर पडतं. समोर कुणी खलनायक नाही. पहिल्यांदा बॅनरचा हल्क होतो तो एका टायरपायी. राग असाच येतो, बाळू. मोठ्या दुःखात माणूस दात आवळून उभा राहतो आणि मग एखाद्या दिवशी दुधाचं पातेलं उतू गेलं म्हणून घर डोक्यावर घेतो. मी घेतलेलं आहे. तूही घेतोस, सूनबाई सांगते मला.

चौथी गोष्ट शेवटाबद्दल. प्रयोगशाळेत स्फोट होतो. हल्क आगीतून आपल्या सहकारी एलेनाला उचलून बाहेर आणतो. अंगात आता हवं तेवढं बळ आहे, तरी ती वाचत नाही. सुरुवातीला बळ नव्हतं म्हणून एक गेली, शेवटी बळ असूनही दुसरी गेली. काल हे पाहिलं आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. दवाखान्यातल्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. या चित्रपटाने एवढं सांगितलं, की बळ कमी पडलं म्हणूनच माणसं जातात असं नाही. तुझ्यावरही असा दिवस येईल, तेव्हा हे आठव.

बिक्स्बीने पुढे १९९० साली हल्कच्या मृत्यूचा चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केला आणि १९९३ साली तोही गेला. तो चित्रपट लेकीला इतक्यात दाखवू नकोस. आधी हा मुरू दे.

पाहून झाल्यावर तिला विचार, “त्याला राग नेमका कशाचा आला होता?” टायरचा म्हणाली तर मान डोलाव आणि दिवा मालव. घाई नाही. वेगळं काही म्हणाली, तर मात्र मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

सूनबाईला आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी