नवरीशेजारची जागा

लग्नात नवरीशेजारी बसण्याचा मान जिवलग मैत्रिणीला मिळतो. मेहंदीची रात्र जागवायची, दागिने सांभाळायचे, दुपट्टा सावरायचा, रुखसतीला डोळे पुसायचे. एवढे केले की मैत्रीचे कर्तव्य संपले, असे आम्हीही मानत होतो.

एका निकाहात हा समज डळमळला. वकील आणि दोन गवाह बायकांच्या खोलीत आले. मुलाचे नाव व मेहेरची रक्कम सांगून त्यांनी विचारले, "कुबूल आहे?" मैत्रीण गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्पच. मागून एका वडीलधाऱ्या बाईने तिची मान किंचित खाली दाबली आणि म्हटले, "हो म्हणाली." तिचा थंड हात आमच्या हातात होता. तिला आधी डी.एड. पुरे करायचे होते, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही फक्त तिचा दुपट्टा सावरला.

कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, या हदीसचा दाखला नेहमी दिला जातो. पण त्याच हदीसमध्ये आधी तिची परवानगी विचारण्याची अट आहे. मौनाची सवलत लाजाळू मुलीसाठी आहे, घाईतल्या वडीलधाऱ्यांसाठी नाही. खन्सा बिन्ते खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा त्या स्वतः पैगंबरांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरला.

मग आम्ही काय करायला हवे होते? भर मांडवात तिच्या वतीने 'नाही' म्हणायचे? तसे केले असते, तर आमच्यात आणि मान दाबणाऱ्या त्या बाईत फरक काय उरला असता? दोघींनीही तिचे उत्तर परस्परच दिले असते. आमची चूक त्या खोलीतली नव्हतीच. ती महिनाभर आधीची होती. साखरपुडा ठरला तेव्हा आम्ही कपड्यांचे रंग विचारले, "तुझ्या मनात काय आहे?" हे विचारले नाही. तिने सांगितले असते, तर तिच्या अम्मीसमोर तिच्याबरोबर बसावे लागले असते. ते आम्हाला नको होते.

आज तिचा संसार बरा चालला आहे. पण म्हणून तेव्हा न विचारलेला प्रश्न अनावश्यक ठरत नाही.

निकाहनाम्यावर मैत्रिणीची सही नसते. तरी नवरीचा हात जिच्या हातात असतो, तीही एक गवाहच आहे. तिने आपली साक्ष तारीख ठरण्याआधी द्यावी.