यंत्र आणि जीव

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न होत. यांपैकी प्रपंच जड आहे. मग पाहणाऱ्या, ओळखणाऱ्या, उत्तर देणाऱ्या यंत्राची गणना कोठे करावी?

गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यप्रदेशात माणूस व वाघ एकाच वाटेवर येतात. ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावी २०२३ मध्ये असे कॅमेरे बसविले गेले की, ते वाघ ओळखून सूचना देतात. यंत्राने वाघ ओळखला. पण त्यास भय वाटले काय? मोहफुले वेचणारी स्त्री वाघ पाहून थरारते, वाघही तिच्या चाहुलीने दचकतो. उभयतांस सुखदुःख आहे. यंत्राचे मात्र कोणाच्याही मरणाने काही हरपत नाही.

कोणी म्हणेल, देहही पंचभूतांचाच. त्यात जीव राहतो, तर यंत्रात का राहू नये? उत्तर असे की, देह जीवास कर्मफळाच्या भोगासाठी मिळतो. यंत्र मनुष्याच्या प्रयोजनासाठी घडते. त्यास कर्म नाही, भोग नाही, म्हणून बंध नाही व मोक्षही नाही. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने यंत्राची परीक्षा त्याच्या उत्तरांवरून करावी असे सुचविले. परंतु उत्तर देणे ही क्रिया होय. भोक्ता तिच्याहून निराळा.

सारांश, यंत्र सावध करील, दया करणार नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी पारध्यांपासून सशास अभय दिले. ती अहिंसा यंत्राकडे सोपविता येत नाही. सूचना मिळाल्यावर शेजारणीस एकटी वनात जाऊ न देणे आणि वाघाचाही जीव राखणे, हे साधकाचेच कर्तव्य होय.