गर्भधारणेपूर्वीचे महिने

आपल्या घरांत सुनेला दिवस गेल्याची वार्ता कळली की दुधाचा पेला आग्रहाने पुढे येतो, डोहाळ्यांची चौकशी होते, आणि कालपर्यंत सर्वांची पाने आटोपल्यावर तळाशी उरलेल्या आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या त्या स्त्रीच्या ताटाची तजवीज प्रथम होऊ लागते. या जिव्हाळ्याविषयी मला आदर आहे; माझी तक्रार त्याच्या मुहूर्ताविषयी आहे. ज्या नलिकेपासून अर्भकाचा मेंदू व मज्जारज्जू घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते, म्हणजे पाळी चुकून वार्तेची खात्री पटेपर्यंत ते कार्य बहुधा उरकलेले असते. म्हणूनच फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची दैनिक मात्रा गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी सुरू करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

या द्रव्याच्या शोधाचा आरंभ आपल्याच मुंबईत झाला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. लुसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ साली येथे आली, गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी ग्रासणाऱ्या रक्तक्षयाचे मूळ शोधता शोधता तिची दृष्टी त्यांच्या निकृष्ट आहाराकडे वळली, आणि यीस्टच्या साध्या अर्काने तो विकार हटतो असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले; त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. त्याच शहरातील झोपडपट्ट्यांत २००६ साली आरंभलेल्या एका प्रयोगात तरुण स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध यांचा अल्पोपाहार गर्भधारणेपूर्वीपासून नित्य देण्यात आला. सरसकट सर्वांच्या बाळांचे वजन त्यामुळे वाढले नाही, परंतु ज्यांनी तो तीन महिने वा अधिक काळ आधीपासून घेतला त्यांच्या बाळांत वाढ दिसली, आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही घटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत चालविलेल्या अभ्यासात तर निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता आढळली, आणि ज्यांच्या रक्तात फोलेट विपुल पण ब-१२ अल्प होते त्यांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे बालपणीच अधिक दिसली. तेव्हा शाकाहारी घरांनी केवळ फॉलिक आम्लाच्या गोळीवर विसंबून न राहता रक्तातील ब-१२ची तपासणी करून घ्यावी, हे उचित.

असे असताना मूल व्हावे म्हणून आधीच फिकुटलेली स्त्री सोमवारमागून सोमवार साबुदाण्यावर काढते, हे पाहून माझे मन कष्टी होते. श्रद्धेचा मान राखूनही मी म्हणेन की, त्या दिवसांत तिला भाकरी, उसळ, अंडे वा दही आणि सुखाची झोप यांची गरज अधिक आहे. वजन अतिरिक्त असून पाळी अनियमित असेल तर थोडेसे घटल्यानेही बीजोत्सर्ग सुरळीत होण्यास साहाय्य होते. मात्र उपासमारीने घटविलेले वजन उलट पाळीच बंद पाडू शकते.

आणि पुरुषाचे काय? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार अंगे सांगितली असून पुरुषालाही महिनाभर ब्रह्मचर्य, दूध, तूप आणि साळीचा भात यांचे पथ्य नेमून दिले आहे. आपण परंपरेचा अभिमान बाळगतो, पण तिचे हे फर्मान तेवढे दप्तरात बांधून ठेवतो. शुक्रबीज घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू, गुटखा, मद्य आणि अतिउष्णता यांचा त्यावर अनिष्ट परिणाम होतो, आणि आज सोडलेल्या व्यसनाचे फळ दिसण्यासही तितकीच मुदत जावी लागते. जो नवरा बायकोच्या ताटावर नजर ठेवतो त्याने स्वतःच्या खिशातील पुडीही त्याच दिवशी टाकली पाहिजे.

तथापि आहाराचे सामर्थ्य त्याच्या मर्यादेतच मानावे. बंद झालेली गर्भनलिका पालेभाजीने उघडत नाही आणि वाढते वय दुधाने मागे फिरत नाही. ज्या जोडप्याला सर्व पथ्ये पाळूनही मूल झाले नाही त्यांच्याकडे, विशेषतः त्यातील स्त्रीकडे, चुकलेल्या घासांचा जाब मागणे ही क्रूरता होय. वर्षभर प्रयत्न होऊनही यश नसेल, वा स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही त्या सर्व परीक्षांत सर्वांत सोपी, वेदनारहित आणि अल्पखर्चाची, तरीही कित्येक घरांत सुनेच्या शरीराची सारी चौकशी संपल्याखेरीज तिचे नाव कोणी काढीत नाही.