वाण गेला, गुण राहिला

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,’ ही म्हण आपण शेजारचा मुलगा वाया गेला की आपल्या मुलाला ऐकवतो. टेक्सासमध्ये हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने १९३० साली एक गोष्ट नोंदली, ती या म्हणीच्या नेमकी उलटी आहे.

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी फळमाशी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे डोळे तांबडे असतात. मुलरने माश्यांवर क्ष-किरण सोडले, तेव्हा काहींच्या संततीचे डोळे कबरे निघाले. तांबड्यात पांढरे ठिपके. रंगाचे जनुक मोडले असावे, असे कोणालाही वाटेल. ते मोडले नव्हते. गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्या जागी जोडला गेला होता आणि ते धडधाकट जनुक अशा भागाच्या शेजाराला येऊन पडले होते, की जिथला धागा घट्ट आवळलेला असतो आणि बहुतेक जनुके मुकी असतात. शेजारचे मौन पसरत त्याच्यावर आले. पुढे असेच एक जनुक पुन्हा मोकळ्या जागी गेले, तेव्हा तांबडा रंग परत आला! गुण शाबूत होता. वाण तेवढा गेला होता.

मौन वाईटच, असे मात्र नव्हे. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर धागा घड्या घालून ठेवलेला असतो. त्यावरची सगळीच जनुके एकदम बोलू लागली, तर डोळा डोळा राहणार नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

माझी पत्नी माहेरी गात असे. आमच्याकडे आली आणि गाणे थांबले. ‘गळा गेला तिचा,’ असे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो. गेल्या दिवाळीत तिच्या भावाकडे फराळाला गेलो होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, म्हणून दाराशी गेलो, तो ही करंज्या तळता तळता गात होती. गळा कुठेही गेला नव्हता.

मग मी सुटका शोधू लागलो. त्या कबऱ्या डोळ्यात अगदी शेजारशेजारच्या दोन पेशी असतात. जनुक तेच, जागा तीच, तरी एक तांबडी आणि एक पांढरी. म्हणजे सारा दोष जागेचा नाही! माझी धाकटी भावजय नाही का आमच्याच घरात खुशाल गात असे?

पण शास्त्रज्ञ तिथेही थांबले नाहीत. तो भाग आवळून धरणारी काही प्रथिने असतात. त्यांतल्या एखाद्याचे प्रमाण निम्मे केले, तरी डोळ्यातला तांबडा रंग वाढतो. तेव्हा आमच्या घरात आवळून धरणारे काय होते, ते मला आठवावे लागले. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी ही गुणगुणत होती आणि मी अंथरुणातूनच ‘जरा हळू’ म्हणालो होतो.

तिला ते आठवते का, हे मी अजून विचारलेले नाही.