तीन ठिकाणांचा समुद्र

समुद्राच्या पाण्यात बारीक प्रकाशझोत सोडला, की त्यातला काही प्रकाश पाणी शोषून घेतं आणि काही आपली वाट सोडून भलतीकडे वळतो. शोषलेला किती, हे मोजणं तुलनेनं सोपं. वाट सोडलेला प्रकाश नेमका कोणत्या दिशेला किती गेला, हे मोजणं मात्र सागरी प्रकाशशास्त्रातलं सर्वांत चिवट काम आहे. यासाठी बनवलेल्या उपकरणात एका बाजूला प्रकाशाचा स्रोत असतो, दुसऱ्या बाजूला संवेदक असतो. झोत आणि संवेदकाची नजर जिथे एकमेकांना छेदतात, तेवढ्याच थोड्या पाण्यातून येणारा प्रकाश मोजायचा, मग कोन बदलायचा, पुन्हा मोजायचा.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण विखुरलेल्या प्रकाशातला अर्ध्याहून अधिक भाग मूळ दिशेपासून दहा अंशांच्या आतच राहतो. मूळ झोताला जवळजवळ चिकटून येणारा प्रकाश आणि काटकोनात येणारा प्रकाश यांच्या तीव्रतेत एक लाखाहून अधिक पटींचा फरक पडतो. एकाच संवेदकानं इतकं प्रखर आणि इतकं मंद दोन्ही अचूक टिपायचं. अगदी समोरच्या कोनाला न वळलेला झोतच त्याला दिपवून टाकतो, आणि अगदी मागच्या कोनाला संवेदक स्वतःच झोताच्या वाटेत येतो. दोन्ही टोकं हातातून निसटतात.

आणि गरज असते ती नेमकी मागे वळलेल्या प्रकाशाची. आंबोली घाटात पावसाळी धुक्यात गाडीचा दिवा प्रखर केला, की रस्ता दिसण्याऐवजी धुकंच डोळ्यांवर चालून येतं. उपग्रहाला समुद्र दिसतो तो अशाच परतलेल्या प्रकाशामुळे. सूर्यप्रकाश पाण्यात शिरतो, पाण्याचे रेणू, सूक्ष्म शैवाल आणि गाळाचे कण यांच्यावरून त्याचा छोटासा वाटा उलट फिरतो आणि पुन्हा आकाशाकडे निघतो. कणांमुळे विखुरणाऱ्या प्रकाशापैकी मागे फिरणारा भाग साधारण एक ते दोन टक्के. पाण्यात हरितद्रव्य किती, गाळ किती, यांचे जगभरचे रंगीत नकाशे या एवढ्याशा प्रकाशावर उभे आहेत. मासेमारांना मासळीच्या संभाव्य जागा सांगणारी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची सूचनाही अशाच नकाशांचा आधार घेते. तेव्हा कोणत्या कोनाला किती प्रकाश वळतो हे कोणी, कुठे आणि कसं मोजलं, हा प्रश्न मला केवळ प्रयोगशाळेतला वाटत नाही.

त्याचं उत्तर बराच काळ मुख्यतः एकाच अहवालात होतं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या दृश्यता प्रयोगशाळेतल्या थिओडोर पेट्झोल्ड यांनी 1972 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी दोन उपकरणं वापरली. एक अंशाच्या अपूर्णांकात मोजता येतील अशा तीन अतिलहान कोनांसाठी, दुसरं दहा ते एकशे सत्तर अंशांसाठी. मधली फट आणि मागचं टोक गणितानं जोडून घेतलं. पाणी तीन ठिकाणचं होतं: बहामा बेटांजवळचं अत्यंत निवळ, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचं मध्यम, आणि सॅन डिएगो बंदरातलं गढूळ. या बंदरातल्या पाण्यात प्रकाश विखुरण्याचं प्रमाण बहामापेक्षा जवळजवळ पन्नास पट भरलं. मोजमाप इतकं काटेकोर होतं, की पुढची तीसेक वर्षं जगभरचे संशोधक तेच आकडे वापरत राहिले. 1993 मध्ये त्यांतल्या कणांचं प्रमाण जास्त असलेल्या पाण्याच्या तीन नोंदींची सरासरी काढून समुद्रातल्या ‘सरासरी कणा’चं वर्तन ठरवलं गेलं, आणि तो कण साऱ्या महासागरांच्या गणितात शिरला.

पेट्झोल्ड यांच्याबद्दल मला आदरच आहे. आपण कुठे मोजलं हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पण आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचं गाव मागे पडतं. बंदरातला तो कण अरबी समुद्राच्या गणितात आला, तेव्हा तो कुठून आला हे फारसं कोणी विचारत नव्हतं. ज्ञानात हे नेहमी घडतं आणि त्याला फसवणूक म्हणता येत नाही. हाती असलेल्या सर्वोत्तम आकड्यानं काम चालवावंच लागतं. फक्त तो उसना आहे याचं भान सुटलं, की नवं मोजण्याची निकड संपते.

ही निकड कशी असते, ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या 1921 च्या प्रवासात दिसतं. समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाच्या निळाईचं प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा मान्य होतं. विलायतेहून परतताना नारकुंडा बोटीच्या डेकवरून रामन यांनी निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश त्या प्रिझमनं दाबून टाकला, तरी निळाई उरली. उलट अधिक खुलली. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदराला लागली, तिथूनच त्यांचं पत्र ‘नेचर’ नियतकालिकाकडे गेलं. त्यांनी मुख्य श्रेय रेणूंवरून होणाऱ्या विकिरणाला दिलं होतं. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं याचा वाटा मोठा आहे हे नंतर नीट स्पष्ट झालं. पण मोठ्या माणसाचं मत समोर असताना खिशातलं साधन काढून स्वतः पाहणं, याची किंमत त्यानं कमी होत नाही. पुढे 1928 मध्ये सापडलेला त्यांच्याच नावाचा परिणाम आज उपग्रहाच्या गणितात धरावा लागतो, कारण निवळ समुद्रातून परत येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून पाठवलेला असतो.

साधनं आता बदलली आहेत. क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या सागरी जलभौतिकी संस्थेत फिरत्या प्रिझमचं एक उपकरण तयार झालं. 2003 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. अर्ध्या अंशाच्या आसपासपासून जवळजवळ मागच्या टोकापर्यंत ते बारीक टप्प्यांनी मोजत जातं. पण अशी उपकरणं मोजकी आणि नाजूक. सर्रास पाण्यात उतरतात ती मुठीएवढी साधनं, एक-दोन किंवा तीनच कोन पाहणारी. सुमारे 117 अंशांच्या कोनाला वळलेल्या प्रकाशाचं, कण कसलेही असले तरी, मागे फिरणाऱ्या एकूण प्रकाशाशी असलेलं प्रमाण फारसं बदलत नाही, असं 2001 मध्ये दाखवलं गेलं, म्हणून एका कोनावरून साऱ्याचा अंदाज बांधता येतो. ही युक्ती मला सुंदर वाटते, आणि तिची मर्यादाही लक्षात ठेवावीशी वाटते, कारण अशा अंदाजामागची कणांबद्दलची गृहीतकं फसू शकतात. गुळगुळीत, एकजिनसी गोल कण गृहीत धरून केलेलं गणित खुल्या महासागरात प्रत्यक्षापेक्षा कमी परतीचा प्रकाश दाखवत असे. उरलेला प्रकाश न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा असावा, असं अनेक वर्षं मानलं गेलं. 2018 मधल्या एका अभ्यासानं वेगळं उत्तर दिलं: सजीव पेशी आतून एकजिनसी नसतात, त्यांना भिंती आणि थर असतात, आणि हा परतीचा प्रकाश मुख्यतः त्या रचनेतून येतो.

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न मला इथे जवळचा वाटतो. गोव्यातल्या दोनापावल इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते आहे; मांडवी आणि झुआरीच्या मुखांत तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्याची प्रकाशीय मोजमापं केली आहेत. पण कोकणचं पाणी सर्वांत जास्त बदलतं ते पावसाळ्यात. नद्या लाल गाळ आणतात, खालचं पोषक पाणी वर येतं, शैवाल फोफावतं. नेमकं तेव्हाच उपग्रहासमोर ढगांचा पडदा असतो. मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. परतीचा प्रकाश मोजणारे आर्गो प्रकल्पाचे स्वयंचलित तरंगक हजार मीटर खोलीवर मुक्काम करतात, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात त्यांना फिरकता येत नाही. तिथे बांधून ठेवलेलं उपकरणच लागेल, आणि त्याची काच शेवाळानं भरू नये म्हणून तांब्याची पट्टी आणि पुसणीही लागेल. हे काम खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे, त्यातून वर्तमानपत्रात छापण्याजोगं चित्र निघत नाही. तरी जून ते सप्टेंबरचे कोकणच्या पाण्याचे सलग, सर्व कोनांचे आकडे हाती येईपर्यंत आपण त्या पाण्याबद्दल जे बोलतो, त्यात सॅन डिएगोचा थोडा गाळ मिसळलेला असणार.