तुरुंग, खोडा आणि पाश



'तुरुंग' हा शब्द आपण मराठीच समजतो. तो आला पोर्तुगीजांबरोबर. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्या भाषेतील पुष्कळ शब्द कोकणातून घाटावर चढले, त्यांपैकीच हा एक. मूळ पोर्तुगीज शब्द 'त्रोंको', म्हणजे झाडाचे खोड. जाड ओंडक्याला भोके पाडून त्यांत गुन्हेगाराचे पाय अडकवीत. त्या ओंडक्याला आणि पुढे बंदिशाळेलाच 'त्रोंको' म्हणू लागले. मलयाळम भाषेतही हाच शब्द बंदिशाळेसाठी रुळला.

आता गंमत पाहा. आपल्याकडेही नेमके तेच साधन होते. त्याचे नाव 'खोडा', आणि तेही 'खोड' या शब्दाशीच नाते सांगणारे. समुद्रापलीकडच्या माणसाला आणि आपल्याला, दुसऱ्याचे पाय अडकवायला एकच झाड सुचले! अरबीतून आलेल्या 'कैद' या शब्दाच्या मुळाशी पायातील बेडी आहे. इंग्रजी 'जेल' मागे मागे नेला तर लॅटिनमधील पिंजऱ्यापाशी पोहोचतो. कन्नड 'सेरेमने' म्हणजे बंधनाचे घर. ओंडका, बेडी, पिंजरा, घर. भिंत बहुधा शेवटी आली; आधी आला तो पाय धरून ठेवणारा हात.

शैवदर्शनाने ह्यासाठी 'पाश' हा शब्द घेतला. पाश म्हणजे दोरी, फास. जीव हा पशू, शिव हा पती आणि मधली दोरी म्हणजे मल. आणव, मायिक आणि कार्मिक असे तीन मल आपण मानतो. वेधा, मंत्र व क्रिया या तीन दीक्षांनी गुरू ते दूर करतो आणि भावलिंग, प्राणलिंग व इष्टलिंग शिष्याला देतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दोरी सोडता येते म्हणूनच ती दोरी आहे. पशूच्या अंगाचा ती भाग नव्हे. मग ज्याच्या पायात एकदा बेडी पडली, त्याला आपण आयुष्यभर 'कैदी' का म्हणतो?

कन्नद मारितंदे हे शरण आपल्याला ठाऊक असतील. 'कन्न' म्हणजे चोरीसाठी भिंतीला पाडलेले भगदाड. परंपरा सांगते की ते पूर्वी घरफोडी करीत आणि बसवण्णांच्या सहवासात पालटले. त्यांच्या नावातून तो 'कन्न' कोणी पुसला नाही. तो ठेवूनच त्यांना शरणांत जागा दिली, आणि त्यांची वचने इतर शरणांच्या वचनांबरोबर जपली गेली. आपल्याकडे मात्र उलटे चालते. नाव चांगले राहते, पण पंगतीतील जागा जाते.

आणि हे शिक्षा झालेल्यांचेच नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून निकाली लागला नव्हता. चारांत तिघे! न्यायालयाने दोषी ठरवायच्या आधीच आपण घरोघरी निकाल देऊन मोकळे होतो, आणि त्या घरच्या मुलीचे लग्न अडते.

याउलट एक उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसले. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. राजेसाहेबांनी तिला मान दिला. उंच तट नाहीत, कैद्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट यावरूनच सुचला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला, गाव थोड्यांनी. फ्रीडमन यांनी वचने वाचली होती की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. कायक दिले की माणूस उभा राहतो, हे त्यांनी ओळखले.

शिवानुभव गोष्टीत एका माउलीने उभे राहून विचारले, "माझा मुलगा आत आहे. त्याची दीक्षा गेली का? त्याने लिंगपूजा करावी की नको?" सभेत कोणी खाली पाहिले, कोणी तिच्याकडे पाहिले. त्या दिवशी तिला जे सांगितले तेच आपणासही सांगतो. माउली, दीक्षा गुरूने दिलेली आहे, ती न्यायालय काढून घेत नाही. पूजेला देऊळ लागत नाही, डावा तळहात लागतो. आणि भेटीचा दिवस कोणता ते सांगा, तुमच्याबरोबर मठातून कोणीतरी येईल.

ती म्हणाली, "दर महिन्याला मी एकटीच जाते, बाप्पा." त्यावर मागच्या रांगेतून दोन हात वर आले.